डेटाबेसला हात लावला की सर्व्हर आडवा होतो, कुणी सांगेल का काय करू

जुनंपान | सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. मोबाईलवरून मराठी कळफलकावर लिहितोय त्यामुळे कमांड, लॉग सगळं देवनागरीतच येणार, सांभाळून घ्या.

आमच्या गावात (कोकणात, तालुक्याचं ठिकाण) सार्वजनिक वाचनालय आहे. त्याची पुस्तकांची यादी ऑनलाईन टाकायचं काम ६ वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर मी 'कॉम्प्युटरचं करतो'. मी खरं तर अकाउंट्सचा माणूस, पीएचपी व्हिडिओ बघून शिकलो. उबंटू, अपाची (वेब सर्व्हर), पीएचपी ८, माय-एसक्यूएल ८ (डेटाबेस) असा २ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर आहे. साधारण ३८,००० पुस्तकं.

इतकी वर्षं सुरळीत चालू होतं. गेल्या दीड महिन्यापासून रोज संध्याकाळी सर्व्हर पडतो. कुणी पुस्तक शोधायला गेलं की चक्र फिरत राहतं आणि मग पांढरं पान. दोन-तीन मिनिटांनी कधी आपोआप उठतो, कधी मला रीस्टार्ट मारावा लागतो. मी काहीही बदललेलं नाही. ग्रंथपाल बाई रोज फोन करतात, आता त्यांचं नाव स्क्रीनवर दिसलं की पोटात गोळा येतो.

---

पाववडा | सोमवार, रात्री ११:५८

होस्टिंग बदल भावा. स्वस्तातलं असणार. माझा पास.

---

कोडमोडे | मंगळवार, सकाळी ८:१०

२ जीबीमध्ये अपाची आणि माय-एसक्यूएल दोन्ही म्हणजे एका खोलीत दोन सवती. नोडमध्ये नवीन लिहून काढ, एका वीकेंडचं काम आहे.

---

सर्व्हरकाका | मंगळवार, सकाळी ९:२५

एका वीकेंडचं काम आहे असं म्हणणाऱ्यांचे वीकेंड मी फार पाहिलेत :)

जुनंपान, आधी मला हे सांगा की 'सर्व्हर पडतो' म्हणजे नक्की कोण पडतं. मशीन, अपाची, पीएचपी की माय-एसक्यूएल, चौघंही वेगळे आहेत आणि चौघांची औषधंही वेगळी. पेशंटला 'बरं वाटत नाही' एवढंच कळलंय आपल्याला अजून.

साईटवर एखादं साधं एचटीएमएल पान असेल, ज्यात पीएचपी नाही, डेटाबेस नाही, ते साईट पडलेली असताना उघडतं का बघा. उघडलं तर अपाची जिवंत आहे. मग फक्त पीएचपी-इन्फो (पीएचपीची स्वतःची माहिती) छापणारं दोन ओळींचं पान उघडा, ते चाललं तर पीएचपी पण जिवंत. आणि अपाचीच्या एरर लॉगमधल्या त्या वेळच्या शेवटच्या वीसेक ओळी इथे टाका, पासवर्ड असेल तर खोडून.

---

नाशिकची_मी | मंगळवार, सकाळी १०:०२

+१ काकांना. मशीन रीस्टार्ट मारू नका दादा, पुरावे जातात. निदान आधी लॉगची कॉपी काढून ठेवा.

---

प्रोग्रामर_पंत | मंगळवार, दुपारी १२:३०

माझ्याकडे असंच व्हायचं, क्वेरी कॅश वाढवली की थांबलं. माय-एसक्यूएलच्या कॉन्फिगमध्ये क्वेरी कॅश साईझ ६४ एमबी टाका, मक्खन चालेल.

---

जुनंपान | मंगळवार, रात्री ८:१५

अहो पंत, तुमचं ऐकून ती ओळ टाकली आणि आता माय-एसक्यूएल सुरूच होत नाहीये!! अननोन व्हेरिएबल म्हणतंय. ग्रंथपाल बाईंचे ३ मिस्ड कॉल.

---

सर्व्हरकाका | मंगळवार, रात्री ८:२१

ती ओळ काढा आणि माय-एसक्यूएल परत सुरू करा, उठेल. क्वेरी कॅश ५.७ पर्यंत होती, ८.० मधून ती पूर्ण काढून टाकली. कॉन्फिगमध्ये अनोळखी नाव दिसलं की हा बुवा सुरूच व्हायला नकार देतो. पंत, व्हर्जन न विचारता औषध देऊ नका हो.

---

प्रोग्रामर_पंत | मंगळवार, रात्री ८:४०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

जुनंपान | मंगळवार, रात्री ९:०५

उठला. हुश्श.

काका, तुम्ही सांगितलेलं आज योगायोगाने करता आलं, साडेसहाला पडलाच होता. 'आमच्याविषयी' हे साधं एचटीएमएल पान आहे, ते उघडलं! थोडं हळू, पण उघडलं. पीएचपी-इन्फो पण उघडलं. मला वाटायचं सगळंच मेलंय. लॉगमध्ये आधी दोन-तीनदा '२००६ माय-एसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे' आहे आणि मग ओळीने पन्नासेक वेळा '२००२ कनेक्शन रिफ्यूज्ड'.

---

सर्व्हरकाका | मंगळवार, रात्री ९:३०

छान, म्हणजे अपाची पडतच नाहीये, मरतोय तो माय-एसक्यूएल. २००६ म्हणजे बोलता बोलता समोरच्याने मान टाकली, आणि २००२ रिफ्यूज्ड म्हणजे दार वाजवलं तर घरात कुणी नाही. नुसती गर्दी झाली असती तर १०४० टू मेनी कनेक्शन्स आलं असतं (डिफॉल्ट १५१ कनेक्शनं असतात), ते तुमच्याकडे नाही. आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप उठतो याचा अर्थ सिस्टमडी (उबंटूत सेवा चालू ठेवणारा प्रोग्रॅम) त्याला परत उभा करतंय, मग तो अपघातातून सावरत आधी आपले डेटाचे कागद जुळवतो आणि मग दार उघडतो.

आता प्रश्न उरला की त्याला मारतंय कोण.

---

बे_एरिया_ताई | बुधवार, सकाळी ६:४८

इकडे आमची संध्याकाळ झालीये त्यामुळे उत्तर देते. सुडो लावून डीमेसेज (कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचे निरोप दाखवणारी कमांड) चालवा आणि त्यात 'आउट ऑफ मेमरी' शोधा. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आहे का तेही बघा, फ्री हायफन एम मारलं की स्वॅपच्या ओळीत शून्य दिसतंय का. छोट्या क्लाऊड मशीनवर बहुतेक वेळा स्वॅप नसतोच, आणि स्वॅप नसेल तर कर्नलला रॅम संपल्यावर कुणाचा तरी बळी देण्याशिवाय पर्याय नसतो.

---

लॅबवाला | बुधवार, सकाळी १०:१५

धाग्यात घुसतोय, सॉरी, पण माझं दुखणं याच्या उलटं आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये एक जुना विंडोज पीसी आहे, त्यावर जुनं झॅम्प (अपाची, पीएचपी, माय-एसक्यूएलचा एकत्र संच), पीएचपी ५.२, त्यात एका सरांनी कधीकाळी केलेलं हजेरीचं सॉफ्टवेअर. साधी पीएचपी पानं चालतात. माय-एसक्यूएल कनेक्टची ओळ आली की अपाचीच खलास, लॉगमध्ये 'चाइल्ड प्रोसेस एक्झिटेड विथ स्टेटस ३२२१२२५४७७, रीस्टार्टिंग'. माय-एसक्यूएल मात्र मजेत चालू असतो. मागच्या आठवड्यात त्या पीसीवर फीचं सॉफ्टवेअर टाकलं तेव्हापासून.

---

जुनंपान | बुधवार, दुपारी १:५०

ताई, सापडलं! 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' आणि पुढे कंसात माय-एसक्यूएलडी. एकदा नाही, दीड महिन्यात ३१ वेळा. स्वॅप शून्य. म्हणजे माय-एसक्यूएल जास्त मेमरी खातोय असंच ना? मग त्याची मेमरी कमी करू का? इनोडीबी बफर पूल आहे तसाच आहे, १२८ एमबी, कधी हात लावलेला नाही.

---

बे_एरिया_ताई | बुधवार, संध्याकाळी ७:३०

थांबा, इथेच सगळे फसतात. कर्नल ज्याला मारतो तोच गुन्हेगार असतो असं नाही. रॅम संपली की तो साधारणपणे ज्याच्याकडे सगळ्यात जास्त मेमरी आहे अशी एक प्रोसेस निवडतो. तुमचा माय-एसक्यूएल समजा ४५० एमबीचा आहे आणि अपाचीची पोरं (चाइल्ड प्रोसेस) २०० एमबीची एकेक, तर एकटा मोठा दिसणार माय-एसक्यूएल. पण पोरं सहा असली तर खरी खादाडी कुणाची? चोर सोडून संन्याशाला फाशी.

टॉप उघडा, कॅपिटल एम दाबा म्हणजे मेमरीनुसार लावून मिळेल, आणि संध्याकाळी ५ नंतर अपाचीच्या एकेका प्रोसेससमोर आरईएसच्या (प्रत्यक्ष वापरातल्या रॅमच्या) रकान्यात किती आकडा येतोय ते लिहा.

---

सर्व्हरकाका | बुधवार, रात्री ८:०५

ताईंच्या पोस्टला टाळ्या.

लॅबवाला, तुमचा खरा क्रॅश आहे. ३२२१२२५४७७ म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन, दुसऱ्याच्या मेमरीत पाय टाकला म्हणून विंडोजने हाकलला. (शेवट ५७२५ असता तर स्टॅक ओव्हरफ्लो, तेव्हा अपाचीच्या कॉन्फिगमध्ये थ्रेड स्टॅक साईझ ८३८८६०८ केलं की बऱ्याचदा भागतं.) तुमच्याकडे मला संशय एकाच फाईलचा आहे, लिबमायएसक्यूएल डीएलएल. पीएचपी ५.२ ला डेटाबेसशी बोलायला ती बाहेरून लागते. विंडोज ही फाईल शोधताना आधी अपाचीच्या बिन फोल्डरात बघतं, मग सिस्टम ३२ मध्ये आणि पाथमधल्या फोल्डरांची पाळी सगळ्यात शेवटी. फीच्या सॉफ्टवेअरने स्वतःची वेगळ्या व्हर्जनची कॉपी सिस्टम ३२ मध्ये टाकली असेल तर तुमचा पीएचपी ती उचलतो आणि तोंडावर आपटतो. पीएचपीच्या फोल्डरातली कॉपी अपाचीच्या बिनमध्ये टाकून बघा. सिस्टम ३२ मधली उडवू नका, नाहीतर फी गोळा होणार नाही आणि प्राचार्य तुम्हाला गोळा करतील.

विंडोजवर पीएचपी ५.३ पासून हा ड्रायव्हर पीएचपीच्या पोटातच आला त्यामुळे ही भानगड मिटली. पण ५.२ वरून थेट ७ वर उडी मारू नका, जुनं माय-एसक्यूएल कनेक्ट ७.० मध्ये (२०१५) काढून टाकलंय, सगळं मायएसक्यूएलआय किंवा पीडीओमध्ये लिहावं लागेल.

---

लॅबवाला | गुरुवार, सकाळी ११:२०

काका पाय कुठे आहेत तुमचे. सिस्टम ३२ मध्ये होतीच, तारीख मागच्या आठवड्याची. कॉपी टाकली, अपाची रीस्टार्ट, सुरू. तीन दिवस विंडोज फॉरमॅट करायच्या गोष्टी चालल्या होत्या इथे.

---

जुनंपान | गुरुवार, रात्री ९:१५

आज ५ पासून टॉप उघडून बसलो होतो, बायको म्हणाली शेअर मार्केट बघताय का. सुरुवातीला अपाचीच्या प्रोसेस ४०-४५ एमबीच्या होत्या. कुणीतरी शोधायला सुरुवात केली आणि एक चढत चढत २२० वर गेली, आणि काम संपलं तरी फारशी खाली आलीच नाही. मग दुसरी, तिसरी. सहावी चढली आणि माय-एसक्यूएल गायब. डोळ्यांसमोर.

आणि एक कबुली द्यायची आहे. मी 'काहीही बदललं नाही' म्हणालो होतो ते खरं नाही. जूनमध्ये शोध पानावर 'अलाउड मेमरी साईझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड' असं यायला लागलं, तेव्हा एका व्हिडिओत सांगितलं म्हणून मेमरी लिमिट ५१२ एमबी केलं. ती चूक गेली म्हणून मी विसरून गेलो.

---

नाशिकची_मी | गुरुवार, रात्री ९:२२

दादाऽऽऽ 😄

---

सर्व्हरकाका | गुरुवार, रात्री ९:५०

'काहीही बदललं नाही' या वाक्यावर मी तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही विश्वास ठेवलेला नाही, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

तो १३४२१७७२८ म्हणजे बरोबर १२८ एमबी, पीएचपीची मूळ मर्यादा, आणि ती अख्ख्या सर्व्हरची नसून दर रिक्वेस्टमागे असते. आधी एखादा शोध १२८ ला धडकून एकटाच मरायचा, बाकीचे वाचायचे. तुम्ही भिंत मागे सरकवली, आता प्रत्येकजण २२० पर्यंत खातो आणि सगळ्यांचं मिळून छप्पर कोसळतं. २०४८ मधून उबंटूचे २५० आणि माय-एसक्यूएलचे ४५० गेले की उरतात साडेतेराशेच्या आसपास. सहा गुणिले २२० म्हणजे १३२०. जुळला हिशोब? तुम्ही अकाउंट्सवाले आहात, ताळेबंद तुम्हाला मी काय सांगणार.

आता कॉन्फिगमध्ये प्रीफोर्कचं मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स (एकावेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस) बघा, उबंटूवर १५० असणार. म्हणजे अपाचीला वाटतंय की तो दीडशे पानं वाढू शकतो आणि ताटं आहेत सहा.

पण मला सांगा, एका पुस्तकाच्या शोधाला २२० एमबी कशाला लागतात? शोध पानाचा कोड टाका.

---

जुनंपान | गुरुवार, रात्री १०:३०

हसू नका. पान असं चालतं: सिलेक्ट स्टार फ्रॉम पुस्तके, नावात किंवा लेखकात किंवा वर्णनात शब्द आहे का हे लाईकने दोन्हीकडे टक्क्याचं चिन्ह लावून. मग फेच ऑल. मग काउंट करून वर 'एकूण इतकी पुस्तकं सापडली' लिहितो. मग ॲरेतून २० कापून दाखवतो.

आणि दर पानाच्या तळाला 'आजचं पुस्तक' आहे, त्यासाठी ऑर्डर बाय रँड लिमिट १.

---

कोडमोडे | गुरुवार, रात्री १०:४१

विहिरीतून तांब्याभर पाणी हवं म्हणून विहीर घरात आणतोस की रे :)

---

बे_एरिया_ताई | शुक्रवार, सकाळी ७:१५

वर्णनाचा रकाना केव्हापासून आहे? की अलीकडे भरला?

---

जुनंपान | शुक्रवार, सकाळी ९:००

अलीकडे! मे महिन्याच्या सुट्टीत कॉलेजची मुलं वाचनालयात बसून प्रत्येक पुस्तकाचं वर्णन टाईप करत होती. फार सुंदर काम केलं त्यांनी, एकेक वर्णन सहाशे-सातशे अक्षरांचं.

---

बे_एरिया_ताई | शुक्रवार, सकाळी ९:४०

मग झालं तर. यूटीएफ ८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, ३ बाइट घेतं. सातशे चिन्हं म्हणजे २ केबी. गुणिले ३८,००० म्हणजे ७६ एमबी नुसतं वर्णन. पीएचपी बाय डिफॉल्ट अख्खा निकाल आधी स्वतःकडे ओढून घेतो, त्यावर तुम्ही फेच ऑलने त्याचीच आणखी एक प्रत ॲरेत काढता, वर ३८,००० छोट्या ॲरेंचा स्वतःचा बोजा. २२० ला पोचायला वेळ लागत नाही. मुलांनी सुट्टीत काम केलं म्हणून जूनमध्ये १२८ ची भिंत लागली, आणि तुमचा कोड मात्र सहा वर्षांपूर्वीचाच राहिला.

एक विचारू? शोधात काहीच न लिहिता बटण दाबलं तर काय येतं?

---

जुनंपान | शुक्रवार, सकाळी ९:५५

सगळी पुस्तकं. मेनूत 'सर्व पुस्तके' म्हणून लिंक पण तीच दिली आहे. खाली पान १, २, ३ करत १,९०० पर्यंत.

---

सर्व्हरकाका | शुक्रवार, सकाळी १०:१०

अरे देवा. म्हणजे १,९०० दारं आणि प्रत्येक दारामागे अख्खं वाचनालय. ॲक्सेस लॉग बघा, मला खात्री आहे एखादा बॉट ती पानं ओळीने चाळत असणार. शिवाय माणसं आहेतच, पान आलं नाही की ती रिफ्रेश मारतात, आणि पहिली रिक्वेस्ट मागे चालूच राहते कारण ब्राउझर निघून गेला हे पीएचपीला काही छापायला जाईपर्यंत कळत नाही. एक माणूस चिडून चारदा रिफ्रेश मारतो तेव्हा तो एकटाच चार माणसांचं जेवतो.

आज रात्री करायचं ते असं. शोधाच्या दोन क्वेरी करा, एक नुसती काउंट स्टार आणि दुसरी लिमिट २० वाली, आणि यादीत वर्णन दाखवत नसाल तर सिलेक्ट स्टार काढून लागतील तेवढेच रकाने लिहा. लाईकच्या सुरुवातीलाच टक्का असला की इंडेक्स कामाचा नाही, टेबल सगळं वाचलं जाणारच, पण ३८,००० ओळी म्हणजे माय-एसक्यूएलला नाश्ता आहे, ते जड नाही. जड होतं ते सगळं पीएचपीकडे वाहून आणणं. हात घातलाच आहे तर शब्द थेट क्वेरीत चिकटवत असाल तर प्रिपेअर्ड स्टेटमेंट पण करून टाका, नाहीतर एखाद्या दिवशी कुणीतरी टेबलच उडवून जाईल. मग मेमरी लिमिट परत १२८. वर्कर्स १५० वरून २५ (साडेतेराशे भागिले ४५ म्हणजे ३०, थोडं हाताशी ठेवा). मॅक्स कनेक्शन्स पर चाइल्ड शून्य असतं म्हणजे प्रोसेस कधीच मरत नाही आणि फुगलेली फुगलेलीच राहते, ते ५०० करा. आणि २ जीबीची स्वॅप फाईल, एफएसटॅबमध्ये नोंद करायला विसरू नका नाहीतर रीबूटला गायब. स्वॅप म्हणजे घरातली जास्तीची गादी, पाहुणा एक रात्र झोपेल, रोजचा संसार त्यावर होत नाही.

---

नाशिकची_मी | शुक्रवार, सकाळी १०:३५

आणि ते आजचं पुस्तक! ऑर्डर बाय रँड म्हणजे एक पुस्तक काढायला दर वेळी ३८,००० पुस्तकं पिसायची, तेही प्रत्येक पानावर. एक्सप्लेन लावून बघा, 'युजिंग टेम्पररी, युजिंग फाईलसॉर्ट' दिसेल. स्लो क्वेरी लॉग चालू करा, त्याची मर्यादा मुळात १० सेकंद असते, ती १ वर आणा म्हणजे हा प्राणी सापळ्यात येईल.

शिवाय दादा, दर पानावर बदलतं ते आजचं पुस्तक कसं? आत्ताचं पुस्तक म्हणा :) रात्री १२ ला क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) एकदा निवडा, छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवा आणि पानं ती फाईल वाचतील.

---

पाववडा | शुक्रवार, दुपारी २:००

मी होस्टिंग बदल म्हणालो होतो ते मागे घेतो.

---

जुनंपान | रविवार, रात्री १०:२०

सगळं केलं, शुक्रवारी रात्री अडीच वाजले. ॲक्सेस लॉगमध्ये खरंच एक बॉट होता, पान ११४०, ११४१, ११४२ करत चालला होता बिचारा. त्याला रोबोट्सच्या फाईलमध्ये शोध पानावर बंदी घातली, दुसऱ्या दिवसापासून ऐकतोय असं दिसतंय. अपाचीची एकही प्रोसेस ४८ एमबीच्या वर गेलेली नाही. काल शनिवार, सगळ्यात गर्दीचा दिवस, डीमेसेजमध्ये नवीन ओळ नाही. स्वॅपचे फक्त ६० एमबी वापरले गेलेत. स्लो लॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ४१२ नोंदी, त्यातल्या पावणेचारशे आजच्या पुस्तकाच्या होत्या. काल ३.

ग्रंथपाल बाईंचा फोन नाही आला म्हणून शेवटी मीच केला. त्या म्हणाल्या, साईट बंद होती का?

---

नाशिकची_मी | पुढचा गुरुवार, दुपारी ४:१०

दादा अभिनंदन, पण मी रोज तुमची साईट उघडतेय आणि आजचं पुस्तक चार दिवस एकच आहे.

---

सर्व्हरकाका | पुढचा गुरुवार, दुपारी ४:३२

फाईलचा मालक कोण? क्रॉन तुमच्या नावाने चालत असेल आणि फाईल अपाचीच्या युजरने बनवली असेल तर क्रॉनला लिहिताच येणार नाही.

---

जुनंपान | पुढचा गुरुवार, रात्री ९:४०

तेच होतं काका, पहिल्यांदा मीच ब्राउझरमधून स्क्रिप्ट चालवून बघितली होती म्हणून फाईल अपाचीच्या नावावर. मालक बदलला, आता रात्री बघतो बदलतं का. मात्र त्या पुस्तकाची वाचनालयात एकच प्रत आहे आणि त्यासाठी सात जणांनी नाव लिहून ठेवलंय म्हणे, त्याआधी ते २०११ साली शेवटचं बाहेर गेलं होतं.